पाण्यात कार्बन डायऑक्साइड पकडताना: निवळी, सोडा आणि खाऱ्या पाण्याच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

काम असं ठरलं आहे: हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात घ्यायचा, किती घेतला ते मोजायचं, आणि ते करताना हवेत किती सोडला तेही त्याच वहीत लिहायचं. हा शेवटचा रकाना बहुतेक प्रयोगांत रिकामा राहतो, म्हणून तो पहिल्या पानापासूनच आखून ठेवला. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत हा वायू ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. हा आकडा खाली यावा असं मनापासून वाटत असेल तर वजाबाकी खरी हवी.

सामान: ५० लिटरचा घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, आत बॅटरीवरचा छोटा पंखा, इन्फ्रारेड पद्धतीचा कार्बन डायऑक्साइड सेन्सर, पाच लिटर पाणी मावेल असा पसरट ट्रे, सामू मोजायचा मीटर आणि टायट्रेशनसाठी (मोजून आम्ल घालत द्रावणात अल्कली किती ते काढण्यासाठी) ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली काचेची नळी. सगळ्यात जास्त पैसे सेन्सर आणि सामू-मीटरच्या इलेक्ट्रोडवर गेले. रसायनांचा खर्च त्यापुढे किरकोळ.

१३ नोव्हेंबर

आधी रिकाम्या डब्याची परीक्षा. नळीने श्वास सोडून आतला आकडा ३००० च्या वर नेला आणि झाकण लावलं. सकाळी बघितलं तर जवळजवळ निम्मा वायू गायब. झाकणाच्या कडा साबणाच्या पाण्याने तपासल्या, एकही बुडबुडा नाही. गळती निघाली सेन्सरकडे हवा नेणाऱ्या सिलिकॉनच्या नळीत. नळीला भोक नव्हतं, पण सिलिकॉन रबरातून कार्बन डायऑक्साइड सहज आरपार जातो. पाणी, हवेचा दाब, सगळं टिकतं, हा वायू मात्र भिंतीतून निसटतो.

नळी काढून टाकली, सेन्सरच डब्यात ठेवला आणि तारेच्या भोकावर ब्युटाईल रबराची पट्टी दाबली. आता उतार खूपच मंद आहे. तरी प्रत्येक प्रयोगाआधी रिकाम्या डब्याचा उतार मोजून तो वजा करायचा हा नियम केला. हे न करता "आमच्या द्रावणाने वायू शोषला" असं म्हणण्यात अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर

साधं पाणी. उकळून बंद बाटलीत थंड केलेलं डिस्टिल्ड पाणी ट्रेमध्ये पाच लिटर ओतलं, पंखा चालू. आकडा हलल्यासारखा वाटला, पण तेवढी चूक सेन्सरच दाखवू शकतो. कारण आकडेमोडीत आहे. २५ अंश सेल्सियसला हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर शुद्ध पाण्यात जेमतेम ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड मावतो. पाच लिटरात ३ मिलिग्रॅम. डब्यातल्या ५० लिटर हवेत आहे सुमारे ४० मिलिग्रॅम. म्हणजे ४२० चे फार तर ३९० होणार, आणि सेन्सरची अचूकताच ५० पीपीएम इकडेतिकडे.

मग विहिरीचं पाणी घेतलं. आकडा खाली जायच्या ऐवजी वर निघाला आणि हजाराच्या पुढे गेला. सेन्सर बिघडला असं वाटून पुन्हा रिकामा डबा तपासला, सेन्सर ठीक होता. जमिनीखालच्या पाण्यात मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनाचा कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, हवेशी समतोल असताना असेल त्याच्या कित्येक पट जास्त. वर काढलं की तो सुटतो. ज्याला हा प्रयोग करायचा आहे त्याने पाणी कुठून आलं हे आधी बघावं. असं पाणी वापरायचंच असेल तर ते एक-दोन दिवस उघड्यावर हवा मारून शांत करून घ्यावं.

२४ नोव्हेंबर

थंड पाणी आणि दाब यांचा विचार करून बाजूला ठेवला. शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा एक वातावरण दाब असेल तर ० अंशाला लिटरमध्ये सुमारे ३.३ ग्रॅम विरघळतो, २५ अंशाला १.५ ग्रॅम. पण दाब सोडला की तोही बाहेर. दाबाचा मार्ग तिथेच उपयोगी आहे जिथे पाण्याखाली वायूला धरून ठेवणारा खडक आहे. आइसलंडच्या हेलिशेइदीमध्ये कार्बफिक्स नावाचा प्रकल्प हे काम २०१२ पासून करतं आहे: वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट या काळ्या खडकात सोडायचा आणि तिथे त्याचे कार्बोनेट खडे होऊ द्यायचे. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पहिल्या चाचणीतला ९५ टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाला. एक टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं. टेबलावर हे जमणारं नाही.

आजचा खरा धडा ढवळण्याचा. वरून गेलेला वायू १० सेंटीमीटर खोल पाण्यात निव्वळ विसरणाने, म्हणजे न ढवळता आपोआप पसरत, उतरायला महिने लागतात. ट्रे उथळ ठेवा, पाणी हलतं ठेवा.

१ डिसेंबर

चुन्याची निवळी. विरलेला चुना पाण्यात ढवळून, रात्रभर निवळू देऊन वरचं स्वच्छ पाणी घेतलं. सामू १२.४ च्या आसपास, म्हणून हातमोजे आणि चष्मा लावूनच. लिटरमध्ये चुना मावतो पावणेदोन ग्रॅमच्या आत, म्हणजे कार्बोनेट होईपर्यंत एका लिटरने फार तर एक ग्रॅम वायू घ्यायचा.

आकडा असा पडला की बघत राहावंसं वाटलं. पण नवी हवा भरून पुन्हा लावला तेव्हा उतार मंदावला. जवळून बघितल्यावर ट्रेच्या पृष्ठभागावर चकचकणारा पापुद्रा दिसला, काडीने ढकलला की त्याचे कोनदार तुकडे होऊन एकमेकांवर चढत होते. तो कॅल्शियम कार्बोनेट. हवा आणि निवळी यांच्यामध्ये झाकणासारखा बसलेला. खाली सामू अजून बाराच्या वर, म्हणजे चुना भरपूर शिल्लक, पण वायूला वाट नाही.

उपाय म्हणून एअर पंप आणि एअरस्टोन (बारीक बुडबुडे काढणारा सच्छिद्र दगड) लावला. पापुद्रा गेला, पण आता साका, म्हणजे खाली बसणारा कार्बोनेट, एअरस्टोनच्या छिद्रांत बसायला लागला आणि बुडबुडे एका कोपऱ्यातूनच यायला लागले. व्हिनेगरमध्ये बुडवला की स्वच्छ होतो. त्या वेळी वर येणारे बुडबुडे म्हणजे आपण पकडलेलाच कार्बन डायऑक्साइड, तो रकान्यातून वजा करावा लागतो. शेवटी एअरस्टोन काढून उघड्या नळीचं जाड भोक ठेवलं. बुडबुडे मोठे, शोषण कमी, पण अडत नाही.

८ डिसेंबर

आठवडा वाया. सेन्सर उघड्या हवेत ८०० च्या आसपास दाखवायला लागला. या प्रकारच्या सेन्सरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते: गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं धरून तो त्याला ४०० मानतो. खोलीत टांगलेल्या सेन्सरसाठी ही सोय चांगली. आमच्या डब्यात निवळीने हवा जवळजवळ रिकामी केली होती आणि सेन्सरने ती रिकामी हवाच ४०० म्हणून नोंदवली.

ही सोय कमांड देऊन बंद करता येते, ती पहिल्याच दिवशी बंद करावी. मग उघड्या हवेत, माणसांपासून दूर ठेवून, हाताने जुळवणी. १ डिसेंबरनंतरचे सगळे आकडे वहीत खोडले. शिवाय डब्यातला दमटपणा सेन्सरच्या आत थेंब धरतो आणि आकडे उड्या मारतात, म्हणून सेन्सर ट्रेपासून उंच, पंख्याच्या वाऱ्यात टांगला.

१५ डिसेंबर

आज काहीच केलं नाही, फक्त शेवटचा रकाना भरला.

कळीचा चुना चुनखडी भाजून होतो. १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम चुना आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीचं इंधन वेगळं. निवळीने पूर्ण कार्बोनेट होईपर्यंत जेवढा वायू घेतला तेवढाच भट्टीने आधी सोडला होता. म्हणजे निवळी पांढरी झाली की हिशोब फार तर शून्यावर येतो, इंधन धरलं तर शून्याच्याही खाली.

पंपाचं आणखी वाईट. ३ वॅटचा पंप मिनिटाला ३ लिटर हवा ढकलतो, दिवसाला साधारण ४.३ घनमीटर. घनमीटरभर हवेत हा वायू पाऊण ग्रॅम. म्हणजे प्रत्येक बुडबुड्यातला सगळाच्या सगळा वायू पकडला तरी दिवसाला सव्वातीन ग्रॅम. त्याच दिवसात पंप ०.०७२ युनिट वीज खातो, आणि कोळशावरच्या विजेला युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. सव्वातीन ग्रॅम पकडायला सत्तर ग्रॅम सोडायचे.

पंप काढून टाकला. हवा आपली आपण यायला हवी, आणि अल्कली (चुन्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) अशी हवी की ती बनवताना हाच वायू सुटलेला नसेल. पुढचं सगळं काम या दोन अटींवर.

२८ डिसेंबर

धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. हवेतला वायू घेऊन तो बायकार्बोनेट होतो, म्हणजे खाण्याचा सोडा. १०६ ग्रॅम सोड्याने पूर्ण काम केलं तर ४४ ग्रॅम वायू. साका नाही, पापुद्रा नाही, हाताळायला निवळीपेक्षा सौम्य. पंपाऐवजी जाड सुती कापड दोरीवर टांगलं, वरचं टोक द्रावणाच्या भांड्यात, खालून थेंब दुसऱ्या भांड्यात. वारा बाकीचं करतो.

इथे मोजणीची एक गोष्ट नीट लिहून ठेवतो, कारण यात बरेच जण अडकतात. वायू पाण्यात गेला म्हणून एकूण अल्कलिनिटी, म्हणजे पाणी किती आम्ल पचवू शकतं त्याचं माप, बदलत नाही. ती जेवढी अल्कली घातली तेवढीच राहते. बदलतं ते तिचं रूप: कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं. म्हणून एकाच नमुन्यात दोन टप्प्यांचं टायट्रेशन करायचं. आधी फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल घालायचं आणि वाचन लिहायचं, मग मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक टाकून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुढे जायचं. ताज्या सोड्यात पहिला टप्पा एकूण आम्लाच्या बरोबर निम्मा येतो. वायू शोषला गेला की पहिला टप्पा लहान होत जातो आणि एकूण तेवढंच राहतं. या एका तपासणीने सेन्सरवरचं अवलंबित्व संपलं.

पहिल्या कापडाचं एकूण मात्र कमी आलं. सोडा गेला कुठे? कापडाच्या कडांवर, दोरीच्या गाठीपाशी, पांढऱ्या सुया उगवल्या होत्या. पाणी उडून गेलं आणि सोडा कापडातच स्फटिक होऊन बसला. कापड डिस्टिल्ड पाण्यात पिळून ते पाणी मोजलं तेव्हा हिशोब जुळला.

५ जानेवारी २०२५

घट्ट द्रावण, लिटरला १०६ ग्रॅम, वायू घेता घेता लवकरच थांबतं. त्यातल्या सोड्याचा लहानसा भागच बदलतो आणि मग उघड्या हवेत कितीही टांगा, पहिला टप्पा हलत नाही. दहापट पातळ केलं तर सोड्याचा बराच मोठा वाटा बदलतो. हवेत हा वायू इतका विरळ आहे की घट्ट सोड्याच्या द्रावणात बायकार्बोनेट थोडं वाढलं की समतोल येऊन ठेपतो. पातळ द्रावणात अल्कलीचा प्रत्येक कण जास्त काम करतो, पण मग पाणी प्रचंड लागतं, आणि कापडावरून ते उडूनही जातं.

शेवटच्या रकान्यात: सोडा कारखान्यातला असेल तर त्यातही चुनखडीची भट्टी आहे, ट्रोनासारख्या नैसर्गिक खनिजापासून असेल तर बरंच बरं. पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

पाणी प्रचंड, पातळ, वाऱ्याला उघडं: असं पाणी समुद्रातच आहे. मानवाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र आजही घेतो, आणि त्यापायी आम्लतेकडे सरकतो. त्याची अल्कलिनिटी वाढवली तर तो जास्त घेईल आणि शिंपल्या-पोवळ्यांवरचा ताणही हलका होईल, ही कल्पना मला फार आशेची वाटते. म्हणूनच ती काळजीने तपासायची.

१९ जानेवारी

मध्ये एक आडवाट करून बघितली: यीस्ट आणि साखरेच्या आंबवणातून निघणारा वायू चुनखडीच्या खड्यांवर पाण्यासकट फिरवला. पाण्याची अल्कलिनिटी वाढली, खडे विरघळले. पण ते पाणी उथळ भांड्यात उघडं ठेवलं की वायू सुटून परत कार्बोनेट खाली बसतं, गुहेत लवणस्तंभ होतात तसंच. जिथे धुराड्याचा दाट वायू आणि समुद्राचं भरपूर पाणी शेजारी आहे तिथे याला अर्थ आहे. हवेतून थेट पकडायला नाही. बंद केलं.

२ फेब्रुवारी

खाऱ्या पाण्याच्या बादल्या. मत्स्यपेटीचं समुद्री मीठ लिटरला ३५ ग्रॅम, दोन दिवस ढवळून हवेशी जुळवलं. सामू ८.१ च्या जवळ, अल्कलिनिटी लिटरला २.४ मिलिमोल (खऱ्या समुद्रात २.३ च्या आसपास असते; मोल हे कणांच्या संख्येचं माप, मिलिमोल त्याचा हजारावा भाग). सारख्या तीन बादल्या, प्रत्येकी २० लिटर: एकीत चुना, एकीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, एक तशीच.

चुन्याच्या बादलीत अल्कलिनिटी १ मिलिमोलने वाढेल इतका चुना दुधासारखा कालवून ओतला. लगेच मोजलं: ३.४, सामू नऊच्या घरात. सगळं आकडेमोडीप्रमाणे.

९ फेब्रुवारी

चुन्याची बादली गढूळ झाली आणि तळाला पांढरा गाळ बसला. अल्कलिनिटी २.० वर आली. ३.४ वरून नव्हे, मूळच्या २.४ च्याही खाली! घातलेला चुना तर गेलाच, पाण्याची स्वतःची अल्कलिनिटीही घेऊन गेला.

समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट आधीच अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त विरघळलेलं, असतं, पण मॅग्नेशियम आणि इतर अडथळ्यांमुळे खाली बसत नाही. चुन्याच्या न विरघळलेल्या कणांभोवती सामू खूप चढतो, तिथे पहिला साका धरतो, आणि तेच कण पुढच्या साक्याचे बी होतात. एकदा सुरू झालं की ते घातलेल्या अल्कलीपाशी थांबत नाही. आणि कार्बोनेट खाली बसतं तेव्हा उरलेल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड उलट बाहेर पडतो. म्हणजे चुकीचा डोस उपयोगाचा नाही इतकंच नव्हे, तो नुकसान करतो. समुद्रात काही ओतायच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येकाने ही बादली स्वतः करून बघावी असं मला वाटतं.

नवी बादली लावली: चुना आधी निवळी करून, गाळून, कणांशिवाय, थेंबथेंब, आणि डोस निम्म्याहून कमी. पाणी स्वच्छ राहिलं आहे.

२३ फेब्रुवारी

मॅग्नेशियमची बादली. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात फारच कमी विरघळतं, म्हणून सामू एकदम उसळत नाही. (ॲसिडिटीवरचं दुधी औषध हेच, पण त्यात इतर घटक असतात, शुद्ध भुकटी घ्या.) डोस अर्ध्या मिलिमोलचा. अल्कलिनिटी २.४ वरून हळूहळू २.९ वर आली आणि तिथे टिकली. सामू आधी चढला, मग वायू आत येत गेला तसा उतरून ८.२ च्या जवळ स्थिरावला.

मध्ये दोन गोष्टींनी वेळ खाल्ला. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की अल्कलिनिटी आपोआप वाढलेली दिसते. बादलीवर पातळीची रेघ मारून डिस्टिल्ड पाण्याने रोज भरायचं. तशीच ठेवलेली तिसरी बादली नसती तर ही वाढ घातलेल्या भुकटीची समजली गेली असती. दुसरं, सामूचे आकडे हळूहळू वर सरकत होते आणि इलेक्ट्रोडवर शंका घेतली. दोष होता सामू १० च्या बफरचा, म्हणजे मीटर जुळवायच्या ठरावीक सामूच्या द्रावणाचा. उघड्या बाटलीत तो हवेतला हाच वायू पिऊन खाली उतरतो, मीटर मात्र त्याला १० च मानतं, मग पुढची वाचनं चढी येतात. हा बफर लहान बंद पुड्यांत घ्यावा आणि उघडलेला परत वापरू नये.

९ मार्च

मॅग्नेशियमच्या बादलीचा हिशोब. समुद्राच्या पाण्यात अल्कलिनिटीच्या प्रत्येक मोलमागे साधारण ०.८ मोल कार्बन डायऑक्साइड टिकून राहतो. वाढ ०.५ मिलिमोल, म्हणजे लिटरला ०.४. वीस लिटरात ८ मिलिमोल, वजनात सुमारे ०.३५ ग्रॅम. त्यासाठी लागली ०.२९ ग्रॅम भुकटी. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो वायू सुटतो, म्हणजे त्याला अशा सहा-साडेसहा हजार बादल्या. हे वाचून काम सोडावंसं वाटत नाही, पण पेट्रोल न जाळणं किती स्वस्त आहे ते नेमकं कळतं.

शेवटच्या रकान्यात: मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड बऱ्याचदा समुद्राच्या पाण्यात चुना घालूनच बनवतात, आणि मग भट्टी परत येते. ब्रुसाइट या खनिजाची दळलेली भुकटी वापरली तर भट्टी टळते, दळण्याची वीज उरते. पुढची बादली ब्रुसाइटची. सोबत ऑलिव्हिन हे दुसरं खनिजही लावणार आहे, पण त्याच्या विरघळण्याचा वेग इतका कमी आहे की वाचनं महिन्याला एकदाच घेईन.

१६ मार्च

आवराआवर. चुन्याचं आणि सोड्याचं उरलेलं पाणी व्हिनेगर किंवा आम्ल घालून उदासीन करू नये, पकडलेला वायू तिथेच सुटतो. ते पसरट भांड्यात हवेला उघडं ठेवून सामू उतरू द्यावा, मग भरपूर पाण्याने पातळ करून सोडावं. टायट्रेशन झालेल्या नमुन्यांतला वायू मात्र गेलेलाच असतो. १०० मिलिलिटरचे नमुने वरचेवर घेतले तर वीस लिटरच्या बादलीतलं पाणी दिसण्याइतकं कमी होतं, म्हणून काढलेला प्रत्येक नमुना आकारमानासकट लिहून एकूण पाण्यातून वजा करा. नव्या बादल्या ४० लिटरच्या घेतल्या आहेत.